एक टेराबाईट

"पिशवी इथं रिकामी कर," राजेश्वर शेठ म्हणाले.

मी जागची हलले नाही. तेव्हा त्यांनी चंद्रकलाकडं बघितलं. चंद्रकला माझ्याच बाजूच्या काउंटरला होती, सिंथेटिक साड्या दाखवायची. तिनं माझ्या खांद्यावरची पिशवी हळूच काढून घेतली आणि गादीच्या पांढऱ्या चादरीवर पालथी केली. जेवणाचा डबा, कंगवा, पोरीच्या शाळेच्या मोज्यांचा जोड, औषधाची पट्टी. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लहानसा पुडा.

"ते काय आहे?"

"शेठ, ते राहू द्या," चंद्रकला म्हणाली. तिला हाताला लागताच कळलं होतं.

"उघड."

तिनं उघडला. बायकांचं महिन्याचं सामान होतं ते. कामावरच्या हणमंतनं आणि दुसऱ्या दोघा पोरांनी माना वळवल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही बघत होती. गल्ल्याशेजारी लोडाला टेकून नाना बसले होते, राजेश्वर शेठांचे वडील. त्यांनी मान वळवली नाही. ते गादीखाली काढलेल्या चपलेकडं बघत राहिले.

ही गोष्ट उदगीरची. आता बारा वर्षं झाली. कोंडावारांच्या साडीच्या दुकानात मी तेव्हा सहा वर्षं कामाला होते. मला कामावर घेतलं होतं नानांनी. पदर खांद्यावर कसा टाकून दाखवायचा, घडी मोडताना जर कशी जपायची, हे त्यांनीच मला शेजारी बसवून शिकवलं. पैठण्यांचं लोखंडी कपाट माझ्या ताब्यात होतं. त्याची एक किल्ली माझ्याकडं, दुसरी शेठच्या केबिनमध्ये खिळ्याला.

त्या मंगळवारी देगलूरचं एक कुटुंब लग्नाच्या खरेदीला आलं. त्यांना जांभळी पैठणी पाहिजे होती, मोराच्या पदराची. मी कपाटातून खोका काढला, झाकण उघडलं, तर आत नुसता बटर पेपर. ती साडी मी शेवटची दाखवली होती त्याच्या तेरा दिवस आधी, बुधवारी. खोका मीच बंद केला होता. त्यानंतर कुणी मागितली नव्हती.

पिशवीत काही निघालं नाही. पण शेठ म्हणाले, "पिशवीत नाही म्हणजे घरी असेल." मग म्हणाले, "पोलिसात देतो." मग म्हणाले, "आज रात्री कॅमेरे बघतो, सगळं दिसेल."

"बघा शेठ," मी म्हणाले. "आजच बघा."

मला खरंच बरं वाटलं. दुकानात चार कॅमेरे होते, त्यातला एक थेट माझ्या कपाटावर. रात्रभर मी उद्या काय होईल याचाच विचार करत पडले होते. शेठ माफी मागतील की नुसतेच गप्प बसतील, मागितली तर मी काय म्हणायचं, इथपर्यंत मी पोचले होते.

बुधवारी सकाळी शेठनी मला दारातच थांबवलं. डोळे तारवटलेले होते त्यांचे. माझ्याकडं न बघता म्हणाले, "कॅमेऱ्यात आठ दिवसांचंच राहतं. त्याच्या आधीचं पुसून वर नवीन चढतं. तुझी बुधवारची साडी त्याच्या आधीची. काही दिसत नाही."

"मग?"

"मग काय? तू काही दिवस घरी बस. चौकशी होऊ दे."

"पोलीस?"

"ते मी बघतो."

मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि घरी आले.

गाव लहान आहे. दुपारपर्यंत आमच्या गल्लीत कळलं होतं. ज्वारी निवडता निवडता माझ्या सासूचा हात थांबायचा आणि ती माझ्याकडं बघायची. मी बघितलं की पुन्हा निवडायला लागायची. माझ्या नवऱ्यानं, बालाजीनं, रात्री एकदा विचारलं, "खरंच नाही ना?" मी म्हणाले, "नाही." त्यानं पुन्हा विचारलं नाही. पण विचारलं होतं, ते विचारलंच.

बालाजी औषधाच्या दुकानात कामाला होता. शनिवारी जेवताना तो म्हणाला, "एक गोष्ट माझ्या डोक्यात बसत नाही. आमच्या दुकानात मागं एका बाईचा मोबाईल गेला. पंधरा-वीस दिवसांनी ती विचारायला आली. आम्ही कॅमेरा मागं नेला अन् चोर सापडला. तुमच्या शेठकडं आठच दिवस कसं राहतं?"

"मशीन जुनं असेल."

"मशीन तर एकाच माणसानं बसवलंय. मुजीबभाईनं."

मुजीबभाईंचं दुकान बसस्टँडच्या मागं होतं. संगणक दुरुस्ती आणि कॅमेरे. रविवारी मी गेले तेव्हा ते एका उघड्या संगणकावर वाकून ब्रशनं धूळ काढत होते. मी कोण ते सांगितलं. त्यांनी ऐकलेलं होतंच. स्टूल पुढं केलं.

"मला एवढंच सांगा," मी म्हणाले, "आमच्या दुकानातल्या कॅमेऱ्यात किती दिवसांचं राहतं?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "हे शेठला विचारायचं ना ताई."

"ते म्हणतात आठ दिवस."

"आठ?" त्यांनी हाताची धूळ झटकली. "आधी आठ राहायचं. तीनशे वीस जीबीची डिस्क होती त्यात. गौरीच्या आधी शेठनीच सांगितलं, दिवाळीची गर्दी येईल, वाढवून द्या. मग बदलली."

"बदलून कुठली बसवली?"

त्यांनी मागच्या फळीवरून एक चपटी वस्तू काढली. खरखरीत रुपेरी पिशवीत बंद होती. वहीएवढी नाही, पण पोथीएवढी. हातात घेतली तर चांगलीच जड. वरच्या कागदावर बारीक इंग्रजी अक्षरं आणि आकडे.

"हीच. याच नंबरची. वाचून दाखवू? एक टेराबाईट, म्हणजे हजार जीबी. साडेतीन इंची. साटा केबल, सहा गिगाबिट. चौसष्ट एमबी कॅशे. मिनिटाला पाच हजार चारशे फेरे. साध्या कम्प्युटरची जास्त जोरात फिरते, पण तापते. ही मुद्दाम हळू. साठ डिग्रीपर्यंत गरमी सहन करते. चोवीस तास, सातही दिवस चालायला केलेली. तीन वर्षांची वॉरंटी."

"यात दिवस कुठं लिहिलेत?"

"दिवस लिहिलेले नसतात ताई. काढावे लागतात." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि टेबलावरच्या पुठ्ठ्यावर लिहायला लागले. "एक कॅमेरा दिवसाला साधारण दहा-अकरा जीबी खातो. तुमचे चार. झाले चाळीस-त्रेचाळीस. तीनशे वीसला त्यानं भागा, सात-आठ दिवस. शेठ म्हणतात ते बरोबर, पण जुन्या डिस्कचं. हजारला भागा."

मी मनातल्या मनात भागलं. "तेवीस?"

"तेवीस. बंद दुकानात काही हललं नाही तर रेकॉर्डिंग होत नाही, म्हणून एखादा दिवस जास्तच. कमी नाही."

"डिस्क बिघडली असेल तर?"

"बिघडली तर मशीन ओरडतं. शिट्टीसारखा आवाज करतं, बंदच होत नाही. आला का आवाज?"

"नाही."

"मग ठीक आहे ती. अशी डिस्क लिहिते जास्त, वाचते कमी. रात्रंदिवस लिहीतच राहते. वाचायची वेळ क्वचित येते." त्यांनी ती पुन्हा फळीवर ठेवली. "तुमची साडी कधीपासून दिसली नाही?"

"बुधवार. गेल्या बुधवारच्या मागच्याच्या मागचा... अठरा दिवस झाले."

"म्हणजे आहे अजून. पण रोज एक दिवस वरून लिहिला जातो. चार-पाच दिवसांत तो बुधवार जाईल. मग माझ्या बापालाही काढता येणार नाही."

"तुम्ही येऊन दाखवाल?"

त्यांनी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं. "मालकाच्या परवानगीशिवाय मी मशीनला हात लावत नाही. कुणाच्याच. उद्या कुणी तुमच्या घरातलं दाखव म्हणालं तर?" मग उठून उभे राहिले. "पण कुणी मला विचारलं, तुझ्या डिस्कमध्ये किती दिवस राहतं, तर मी तेवीस सांगीन. आठ सांगणार नाही. माझं नाव घेतलं तरी चालेल."

सोमवारी सकाळी पूजा आटोपायच्या वेळी मी दुकानात गेले. उदबत्तीचा धूर होता. नाना लोडाला टेकून बसले होते. मला बघून त्यांनी जपाची माळ हातात घेतली. चंद्रकला, हणमंत, सगळे कामाला लागलेले. मी गिऱ्हाइकासारखी गादीच्या पुढं उभी राहिले.

"शेठ, कॅमेरा बघायचाय."

"सांगितलं ना, आठ दिवसांचं..."

"आठ दिवसांची तीनशे वीसची होती. ती गौरीच्या आधी काढली. आता एक टेराबाईटची आहे. तिच्यात तेवीस दिवस राहतं. आज एकोणिसावा."

शेठनी हातातली घंटी ताम्हणात ठेवली. तोंडावर राग येईल असं मला वाटलं होतं. राग आला नाही. चोरी पकडलेल्या पोराचं तोंड होतं ते, आणि मला काहीच समजेना.

"कुणी सांगितलं?"

"ज्यानं बसवली त्यानं. तुम्ही दाखवा, नाहीतर मी इथून ठाण्यात जाते. तुम्ही सहा दिवस झाले, पोलिसात दिलं नाही. मी देते. ते मशीन घेऊन जातील आणि बघतील."

"आत ये," ते म्हणाले. चंद्रकलाला म्हणाले, "तूही... नको. तू राहू दे."

"चंद्रकला दाराबाहेर उभी राहील," मी म्हणाले. "केबिनचं दार उघडं राहील."

केबिनमध्ये लहान टीव्ही होता. शेठनी माऊस हातात घेतला. पडद्यावर महिन्याचं कॅलेंडर आलं. ज्या दिवसांचं रेकॉर्डिंग आहे ते आकडे लाल होते. मी मोजले नाहीत. मागच्या महिन्यातही लाल आकडे होते, एवढं मला पुरलं.

"बुधवार लावा," मी म्हणाले.

"बुधवार नाही." त्यांनी माऊस दोन आकडे पुढं नेला. "शुक्रवार."

शुक्रवार म्हणजे आमच्या दुकानाची सुट्टी. त्यांनी शुक्रवारची सकाळ लावली. शोधावी लागली नाही. त्यांना वेळ पाठ होती.

पडद्यावर रिकामं दुकान, गाद्यांवर झाकलेल्या चादरी. मागच्या दारानं नाना आले. सुट्टीच्या दिवशी देवापुढं दिवा लावायला तेच यायचे. दिवा लावला. मग केबिनमध्ये जाऊन आले. मग माझ्या कपाटापुढं उभे राहिले. किल्ली लागेना, उलटी करून बघितली. लागली. त्यांनी तीन खोके बाजूला केले, चौथा काढला, गादीवर बसून उघडला. पदर थोडा उलगडून हातावर घेऊन बघितला. मला शिकवला होता तसाच, हाताच्या पाठीवर. मग किमतीची चिठ्ठी दातांनी तोडली, साडी बरोबर आणलेल्या धोतराच्या पानात गुंडाळली आणि पिशवीत घातली. रिकाम्या खोक्यात बटर पेपर नीट बसवून तो जागच्या जागी ठेवला. दोन हात जोडून देवाला नमस्कार केला आणि गेले.

शेठनी चित्र थांबवलं.

"शकूच्या पोरीचं लग्न आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "माझी बहीण. भालकीला दिलीय. आई गेल्यावर तिनं घराच्या वाटणीसाठी कोर्टात दावा घातला. तेव्हा मी देवापुढं बोललो होतो, या दुकानातला दोरासुद्धा तिच्याकडं जाणार नाही. अकरा वर्षं झाली. नानांनी मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो. म्हणून विचारलं नसेल."

"तुम्ही हे कधी बघितलं?"

"त्याच रात्री."

"पिशवी उघडलीत त्या रात्री?"

त्यांनी मान हलवली.

"मग बुधवारी मला घरी का बसवलंत?"

"लोक विचारायला लागले होते. बापानं स्वतःच्या दुकानातून चोरून नेली म्हणून सांगू? का नेली ते सांगू?" त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "आणखी थोडे दिवस गेले असते तर आपोआप पुसलं गेलं असतं. मग साडी सापडली म्हणून तुला बोलावणार होतो. नानांना माहीत नाही मी बघितलं ते. त्यांना कळू देऊ नको, संजीवनी. वय झालंय त्यांचं."

मी टीव्हीकडं बघत होते. नाना तिथं पाठमोरे थांबलेले होते, दारात एक पाय. मी ओरडणार होते, घरून तसं ठरवून आले होते. पण शेठवर ओरडायचं म्हणजे त्या पाठमोऱ्या माणसावर ओरडल्यासारखं होतं.

"मी कुणाला सांगणार नाही," मी शेवटी म्हणाले. "पण माझी पिशवी ज्यांच्यासमोर उघडली, त्यांच्यासमोर तुम्ही बोलायचं. आत्ता. काय बोलायचं ते तुम्ही ठरवा."

ते बाहेर आले. सगळ्यांना जवळ बोलावलं. घसा साफ केला.

"ती पैठणी सापडली. नांदेडच्या मालाच्या गठ्ठ्यात चुकून बांधली गेली होती. संजीवनीताईंचा काही दोष नाही. आपल्याकडून चूक झाली."

चंद्रकलानं माझा हात घट्ट धरला. हणमंत म्हणाला, "बघा, मी म्हणतच होतो." तो म्हणत नव्हता.

"नांदेडच्या मालात?" नानांनी विचारलं.

सगळे तिकडं वळले. शेठ म्हणाले, "हो नाना."

"कुणी बांधली?"

"कुणी... मीच बांधली असेल."

नाना त्यांच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. केबिनचं दार उघडं होतं आणि आतल्या टीव्हीचा उजेड फरशीवर पडला होता. नानांनी माळ खिशात ठेवली.

"राजा, तू बघितलंस ना?"

"नाना, बसा तुम्ही."

"बसलेलाच आहे. इतके दिवस बसूनच होतो." ते हाताचा आधार घेऊन उठले. धोतर सावरलं. हणमंत आधाराला पुढं आला, त्याला त्यांनी मागं सारलं. "साडी मी नेली. शकूच्या पोरीला. दुकान माझ्या हातचं आहे, तरी चोरून नेली, कारण माझ्या घरात मला बोलायची सोय राहिली नाही. या पोरीनं काही केलं नाही. ऐकलं का सगळ्यांनी?"

शेठ तसेच उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

मी चंद्रकलाच्या हातातून हात सोडवला आणि घरी आले.

पुढं काय झालं ते मला चंद्रकलानंच सांगितलं. लग्नाला नाना गेले, उघडपणे, दुपारच्या गाडीनं. राजेश्वर शेठ गेले नाहीत. पण आहेराची पेटी त्यांनी स्वतः गाडीत ठेवली आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभे होते म्हणे. कोर्टातली केस दोन वर्षांनी मिटली. कशी मिटली ते मला ठाऊक नाही. मी तोवर दुसरीकडं कामाला लागले होते.

लग्नानंतर नाना आमच्या घरी आले. रिक्षानं, एकटेच. सासूनं डोक्यावर पदर घेऊन पाट मांडला. बालाजी घरी नव्हता. मी चहा केला.

"पोरी, तू परत ये. पगार वाढवायला सांगितलाय मी राजाला."

ते कपाकडं बघत होते.

"नाना," मी म्हणाले, "पिशवी उघडली तेव्हा तुम्ही होतात."

"होतो."

"चंद्रकलानं तो पुडा उघडला तेव्हाही होतात."

त्यांनी मान हलवली. बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

"तुझ्या पिशवीत साडी नाही हे तुझ्याशिवाय तिथं फक्त मला माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणून गप्प बसलो. वाटलं, उघडतील, बघतील, काही निघणार नाही. तू सुटशील आणि माझंही झाकलं जाईल. त्या पुड्याचं... ते माझ्या ध्यानात आलं नाही. पुढं तुला घरी बसवलं तेव्हा तोंड उघडायचा धीर झाला नाही."

सासू दाराआड उभी होती. तिनं ऐकलं. ती आत गेली आणि भांडी घासायला बसली. भांड्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

नानांनी अर्धा चहा घेतला. उठले. आमच्या दारासमोरच्या तीन पायऱ्या उंच आहेत, त्यांना उतरता येईनात. मी हात दिला. त्यांचा हात कोरडा होता, जरीच्या काठासारखा खरखरीत. मी तो रिक्षापर्यंत धरून नेला आणि त्यांना आत बसवलं.

"सोमवारपासून येशील?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाना."

त्यांनी परत विचारलं नाही. मी रिक्षावाल्याला त्यांच्या घराचा पत्ता सांगितला, आणि खड्ड्यांतून जरा हळू ने म्हणाले.